नवव्या हीटची बेरीज

उचगाव, कोल्हापूर
१८ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,

हे सगळं भैरवीताईच्या फोनवर पाठवलं असतं तर धारवाडला तुम्हाला दोन मिनिटांत मिळालं असतं. पण ताई तुमची लेक असली तरी तिचा फोन म्हणजे आईचाच फोन, दोघी रोज बोलतात. आणि तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, पडद्यावरचं वाचवत नाही. म्हणून कागद. आईला एवढंच सांगितलंय की मामांना एक गणित विचारतेय.

आमच्या फौंड्रीत सध्या उसाच्या ट्रॉलीच्या कड्या चालू आहेत. ट्रॉलीच्या दांड्याला पुढे जी जाड कडी असते, जिच्यातून जोडणीची पिन जाते, ती. एक भट्टी वितळली की तिला आम्ही हीट म्हणतो. एका हीटला सहा-सात कड्या निघतात, आणि पुढची हीट दुसऱ्याच मापाची असते. प्रत्येक हीटमधून एक टेस्ट बार ओततो आणि तो ताणून तोडतो. तुटण्याआधी तो किती टक्के लांबतो, हा आकडा मी सर्टिफिकेटवर लिहून सही करते. लोखंड लांबलं तर वाकून इशारा देतं. न लांबता तुटलं तर इशारा नाही.

मोठ्या कडीचा नेहमीचा आकडा बारा, मधलीचा चौदा, लहानीचा सोळा. या हंगामात नऊ हीट झाल्या. प्रत्येक मापाचे तीनच आकडे, तेव्हा चार्ट कशाचा काढणार? मग मी नेहमीच्या आकड्यापेक्षा किती जास्त किंवा कमी, तेवढंच ओळीने मांडून पाहिलं:

+०.३, −०.२, −०.५, −०.४, −०.८, −०.६, −१.०, −०.९, −१.१.

सगळे पास आहेत. पण मला हे उतरणीवरून चालल्यासारखं दिसतं. मालक यशराजदादांना दाखवलं तर म्हणाले, "मॅडम, किमान आकड्याच्या वर हाय का न्हाय? हाय. मग सोडा की!"

मामा, तुम्ही बत्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलंत. नऊ आकड्यांवर काही ठामपणे म्हणता येतं का? म्हणता येत असेल तर मी काम थांबवायला सांगेन.

तुमची
अदिती

*

धारवाड
२७ सप्टेंबर २०२५

चि. अदिती,

तुझं अक्षर अजून तुझ्या बाबांच्या वळणाचं आहे. बरं वाटलं.

प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. नियंत्रण तक्ता काढायचा तर वीस ते पंचवीस नमुने हवेत, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. नऊ आकड्यांवर मर्यादा काढल्यास त्या मर्यादाच डळमळीत असतात. त्यांच्या जोरावर एखाद्याच्या कामाला दोष देणं शास्त्राला धरून होणार नाही. उतरण दिसते म्हणतेस, पण नाणं सलग सहा वेळा काटा पडतंच की कधीकधी. माणसाच्या डोळ्याला रांगेत अर्थ शोधायची खोड असते.

तेव्हा वीस होईपर्यंत आकडे जमव आणि मग मला पाठव. तोवर कोणाशी शब्दाला शब्द वाढवू नकोस. मागच्या कंपनीत तुझं म्हणणं बरोबर होतं, तरी बाहेर तूच पडलीस, हे विसरू नकोस. यशराज तुझ्या बाबांचा विद्यार्थी, त्याने आपलेपणाने तुला घेतलं आहे.

गुडघे त्रास देतात. बाकी ठीक.

तुझा
यज्ञेश्वरमामा

*

उचगाव
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

तुम्ही सांगितल्यावर मी गप्प बसले. यशराजदादा खूश आहेत. परवा सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या मॅडम आता रुळल्या बगा."

आणखी पाच हीट झाल्या. −१.३, −१.२, −१.६, −१.५, −१.९. चौदा झाले. वीस व्हायला सहा हवेत, पण दिवाळीमुळे उद्यापासून काम बंद आहे. ट्रॉलीवाल्यांची घाई चालू आहे, कारण पुढच्या महिन्यात कारखाने सुरू होतील. आजच शेवटच्या कड्या गाडीत चढल्या. शिरोळकडे गेल्या बऱ्याचशा.

मामा, नाणं सलग किती वेळा काटा पडू शकतं?

अदिती

*

धारवाड
६ नोव्हेंबर २०२५

चि. अदिती,

हे पत्र आधी वाच, मग दुसरं काम कर.

जुन्या वह्या चाळताना एक पद्धत हाती लागली. थोडे आकडे असताना, आणि मापं वेगवेगळी असताना, हीच वापरतात. अर्धी तू स्वतःच केली आहेस. वेगवेगळ्या कड्यांचे आकडे एकत्र करता येत नाहीत, पण नेहमीच्या आकड्यापासूनचं अंतर एकत्र करता येतं. लहान, मोठी, मधली, सगळ्या एका तक्त्यावर येतात.

आता पुढचं. एकेका बिंदूकडे बघायचं नाही. घट साठवत जायची. गेल्या हंगामाचे आकडे तू पूर्वी कळवले होतेस, त्यावरून नेहमीचा चढउतार ०.७ धरतो. त्याचा निम्मा, म्हणजे ०.३५, ही दरवेळची सूट. प्रत्येक हीटची जेवढी घट असेल तिच्यातून सूट वजा कर, उरेल ते मागच्या बेरजेत मिळव. बेरीज शून्याखाली गेली तर शून्यच धर. चढउताराच्या चौपट, म्हणजे २.८, ही रेषा. बेरीज तिच्यावर गेली की काहीतरी बदललंय असं समजायचं आणि काम थांबवून कारण शोधायचं. रोजचा किरकोळ चढउतार सूट खाऊन टाकते. सतत एकाच बाजूला जाणारी लहान घट मात्र साठत राहते आणि लपत नाही.

मी बेरीज केली आहे, पण तुझी तू कर. मग मालकाला दाखव. आणि टेस्ट बार भट्टीतल्या कोणत्या लोखंडाचा ओतता, आधीच्या की शेवटच्या, हे विचार. मला त्या कामातलं कळत नाही, पण एक बार साऱ्या कड्यांच्या वतीने बोलतो, तेव्हा तो कुठला हे कळायला हवं.

यज्ञेश्वरमामा

*

उचगाव
१५ नोव्हेंबर २०२५

प्रिय मामा,

चार्ट काढला. चौदाव्या हीटला बेरीज ८.६. रेषा २.८ वर. ग्राफपेपर कमी पडला, वर दुसरा चिकटवावा लागला.

मग भट्टीवरच्या गणपतरावांकडे गेले. त्यांची तिथे तीस वर्षं झाली. लोखंडात मॅग्नेशियम घातलं की ते चिवट होतं, पण ओतायला वेळ लागला तर मॅग्नेशियम जळून जातं आणि लोखंड पुन्हा ठिसूळ होतं, हे मला माहीत होतं. वेळ का लागतो ते त्यांनी सांगितलं. "जून म्हैन्यापास्नं वरची क्रेन बंद हाय, पोरी. तापल्या लोखंडाची लेडल ढकलगाडीवरनं न्यावी लागती, आन् गाडीची चाकं झिजत चालल्यात, पयल्या साच्यापातुर पोचायलाबी दर खेपंला जादा येळ लागतोय. पयल्या साच्यापास्नं शेवटच्या साच्यापातुर पंदरा-सोळा मिंटं जात्यात. आदी सात जायाची."

"आणि टेस्ट बार?"

"त्यो पैला वततो की. नेहमी पैलाच."

म्हणजे माझ्या यादीतले आकडे सगळ्यात चांगल्या लोखंडाचे आहेत. शेवटच्या साच्यातली कडी कशी निघाली असेल, हे कोणीच तपासलेलं नाही.

यशराजदादांना केबिनमध्ये चार्ट दाखवला. या वेळी त्यांनी ऐकून घेतलं. क्रेनचा माणूस लगेच बोलावला, आता ती चालू आहे. टेस्ट बारही शेवटी ओतायचा ठरलं. आधीच्या मालाचं बघतो म्हणालेत.

तुमचे आभार कसे मानू? वही वेळेवर सापडली.

अदिती

*

उचगाव
२१ डिसेंबर २०२५

मामा,

मंगळवारी सकाळी शिरोळच्या पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चालला होता. रस्त्यातल्या उंचवट्यावर मागच्या ट्रॉलीची कडी तुटली. ट्रॉली सुटून डावीकडे गेली आणि उलटली. अंबूबाई नावाची बाई म्हशीसाठी वैरणीचा भारा घेऊन कडेने चालली होती. ऊस उपसून तिला बाहेर काढायला अर्धा तास लागला. गेली होती.

ट्रॅक्टरवाला अमरसिंह पळून गेला नाही. ऊस उपसणाऱ्यांत तोच पुढे होता. पोलिसांनी त्यालाच धरलंय. जास्त माल भरला, निष्काळजीपणे चालवला, असा गुन्हा. दोन मुलींचा बाप आहे.

काल पोलिसांनी माल कोणाचा ते ओळखायला आम्हाला बोलावलं. यशराजदादांबरोबर मी गेले. कडीच्या पाठीवर हीटचा नंबर उठलेला असतो. माती पुसली. बारा.

तुटलेली जागा मी पाहिली. कुठे ताण नाही, वाक नाही. खडीसाखर फोडावी तशी.

गाडीत बसल्यावर यशराजदादा शांतपणे म्हणाले, "सर्टिफिकेट पास हाय. कायद्यानं लागतंय ते तेवढंच. तुमचा त्यो चार्ट कुणी मागितल्याला न्हवता. त्यो नसंल तर आपल्याला कायबी ठावं नव्हतं. असंल तर सगळं ठावं हुतं. फाडून टाका, मॅडम. तुमचीच सही हाय त्या सर्टिफिकेटावर."

चार्ट माझ्या कपाटात आहे. नऊ ते चौदा या हीटच्या एकेचाळीस कड्या बाहेर आहेत. एक तुटली. चाळीस रोज रस्त्यावर आहेत.

मी काय करू?

अदिती

*

धारवाड
२९ डिसेंबर २०२५

अदिती,

तुझं पत्र आलं त्याला चार दिवस झाले. उत्तर लिहायला बसतो आणि उठतो.

वही मला सापडली नव्हती. ती पद्धत मी तीस वर्षं जाणतो, दोन सत्रं शिकवली आहे. तुझं सप्टेंबरचं पत्र वाचता वाचताच मी बेरीज केली होती. तू पाठवलेल्या शेवटच्या आकड्याला, नवव्या हीटला, ती २.८५ होते. रेषा तेव्हाच ओलांडली होती.

मग तुला पंचवीस नमुन्यांचं का लिहिलं? तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुझ्या आईचा फोन आला. मला ऐकू येत नाही म्हणून भैरवीने तिचं बोलणं पाटीवर लिहून दाखवलं. 'तिला सांग, पुन्हा भांडण नको. आता बाहेर पडली तर कोल्हापुरात कोणी दारात उभं करणार नाही. तुझं ती ऐकते.' मला बहिणीचं पटलं. वाटलं, आकडे तर पास आहेत, काय होणार आहे. पत्रात मी एकही वाक्य खोटं लिहिलं नाही. पाठ्यपुस्तकात पंचवीसच लिहिलेलं असतं. खरी वाक्यं निवडून निवडून मी तुला खोटं सांगितलं.

बारावी हीट त्यानंतरची आहे. तू काम थांबवायला सांगितलं असतंस तर ती ओतलीच गेली नसती.

एवढं लिहूनही तुला सांगतो, यशराज म्हणतो ते कर. फाड तो कागद. ती बाई परत यायची नाही. सही तुझी आहे, तुरुंगात तू जाशील. हे शिक्षक म्हणून लिहीत नाही. मी म्हातारा झालो आहे आणि मला भीती वाटते.

यज्ञेश्वर

*

उचगाव
११ जानेवारी २०२६

मामा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचवलं नाही.

माझंही एक सांगायचं राहिलंय. नोव्हेंबरात यशराजदादा 'आधीच्या मालाचं बघतो' म्हणाले असं मी लिहिलं होतं. ते तसं म्हणालेच नव्हते. ते म्हणाले, "गेलेलं गेलं. आता परत मागितल्या तर बाजारात तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई. पास हाय न्हवं?" आणि मी "बरं" म्हटलं. चार्ट हातात असताना म्हटलं. क्रेन चालू झाली, माझं ऐकलं, याचंच मला इतकं बरं वाटलं होतं. ती कडी मी महिनाभर आधी परत मागवू शकले असते.

पाच तारखेला चार्ट, माझी आकड्यांची वही आणि एकेचाळीस कड्या कोणाकोणाकडे गेल्या त्याची यादी पोलीस ठाण्यात दिली. साहेबांना बेरीज समजावून सांगायला दोन तास लागले. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे हे सप्टेंबरातच कळण्यासारखं होतं?" मी हो म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. तुटलेली कडी प्रयोगशाळेत गेली आहे. अमरसिंहला जामीन मिळाला. यशराजदादांवर आणि माझ्यावर गुन्हा दाखल झालाय.

नोकरी गेली. आई माझ्याशी बोलत नाही. तिने तुम्हाला फोन केला होता हे मला कळलंय, हे तिला सांगितलेलं नाही.

तुमची पत्रं मी पोलिसांना दिली नाहीत. तुम्हाला वाचवायचं म्हणून नव्हे. ती दिली तर 'मामांनी सांगितलं म्हणून थांबले' असं होतं, आणि मला सुटल्यासारखं वाटेल. तसं वाटायला नको आहे.

अदिती

*

धारवाड
२० जानेवारी २०२६

अदिती,

तू पत्रं दिली नाहीस, म्हणून मी स्वतः लिहून दिलं. जे झालं ते तारखांसह, माझ्या हाताने, स्पीड पोस्टाने तुमच्या पोलीस ठाण्याला. भैरवी नको म्हणत होती. पाटीवर लिहीत होती, मी पाटी पुसली. याला कायद्यात काही किंमत आहे की नाही ठाऊक नाही.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

यज्ञेश्वर

*

उचगाव
२२ मार्च २०२६

मामा,

दोन महिने लिहिलं नाही. लिहिण्याजोगं डोकं नव्हतं, आणि दिवसभर मी बाहेर असते.

गुन्हा दाखल झाल्यावर यशराजदादांनी कड्या परत घ्यायचं जाहीर केलं. पण ट्रॉल्या एका गावात थोड्याच राहतात! हंगामात विकल्या जातात, भाड्याने जातात, कडी काढून दुसऱ्या ट्रॉलीला बसवली जाते. यादीवरच्या पत्त्यांवर तेवीसच मिळाल्या. मग मी आणि गणपतराव साखर कारखान्यांच्या आवारात जायला लागलो. ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात तेव्हा वाकून कडीच्या पाठीवरचा नंबर बघायचा. गणपतरावांना कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी माझ्या आधी येऊन फाटकापाशी उभे होते. "वतल्या मी हायत," एवढंच म्हणाले.

लोक शिव्या देतात. "चालत्या हंगामात ट्रॉली उभी करू व्हय?" म्हणतात. एकाने माझ्या हातातली यादी फाडली. काही जण लगेच काढून देतात. अमरसिंह स्वतःच्या ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्यांकडून सहा घेऊन आला. माझ्याकडे न बघता पोतं खाली ठेवलं आणि गेला. एका कडीला केसाएवढी भेग होती. त्या ट्रॉलीवर त्या क्षणी दहा टन ऊस होता.

प्रयोगशाळेचा आकडाही आला. बाराव्या हीटचा टेस्ट बार दहा पॉइंट चार टक्के लांबला होता, त्यावर मी सही केली होती. तुटलेली कडी दोन टक्केही लांबली नव्हती.

फेब्रुवारीत मी अंबूबाईच्या घरी गेले. वकिलांनी जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. तिचा नवरा, हंबीरराव, गोठ्यात म्हैस धूत होता. मी कोण ते सांगितलं. त्याने हात थांबवला नाही. पाठ पूर्ण धुतली, पाय धुतले, मग बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

"साहेब म्हनत हुतं, तुमच्याकडं कसला कागुद हुता. त्यात आदीच दिसत हुतं."

"हो."

"कवा?"

"सप्टेंबरात. मला नीट कळलं नोव्हेंबरात."

"आन् ती गेली डिसेंबरात." त्याने बोटांवर मोजलं. "म्हैना हुता की मग."

"होता."

त्याने म्हशीपुढे वैरण सरकवली. मग म्हणाला, "खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, पोरी. मी नशीब म्हनून गप बसलोतो."

मी उठले. मला वाटेपर्यंत सोडायला त्याची सून तेजस्वी आली. नेहमीच्या सवयीने "या परत" तेवढं तिच्या तोंडून गेलं, आणि गेल्यावर तिलाच कसंतरी झालं.

काल शेवटचा कारखाना बंद झाला. अडतीस कड्या परत आल्या, एक भेगाळलेली धरून. एक पोलिसांकडे आहे. दोन सापडल्या नाहीत. एक तेरा नंबरची, एक चौदाची. कोणी म्हणतं त्या ट्रॉल्या बेळगावकडे विकल्या, कोणी म्हणतं बीडकडे गेल्या. पुढच्या हंगामापर्यंत कुठेतरी शेडमध्ये उभ्या असतील. नाहीतर विटा, वाळू, माणसं भरून चालूही असतील. त्यांच्यासाठी कोणती बेरीज करायची ते मला माहीत नाही.

केस जूनमध्ये उभी राहील. तुमचं निवेदन पोलिसांनी कागदांना जोडलंय, तेव्हा तुम्हाला यावं लागेल. भैरवीताईला सोबत आणा. न्यायाधीश बोलतील ते कोणीतरी पाटीवर लिहायला हवं.

राग गेला नाही, मामा. जाईल असं वाटतही नाही. पण हंबीरराव काय बोलला ते मी आईला सांगू शकत नाही, वकिलांना सांगून उपयोग नाही, आणि गणपतरावांना सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी फाटकापाशी उभे राहिले नसते. ते ऐकायला मला तुमच्याशिवाय कोणी नाही.

अदिती